तिघायचं बुकिंग

२३ फेब्रुवारी
आज भाटवा आला अन् बाईले घेऊन गेला. बाई म्हनजे माही मोठी बहीन ललिता. भाटवा म्हनजे तिचा नवरा होमराज, चंद्रपूरले पावर हाऊसमध्ये हाय. लगन होऊन महिनाच झाला. आजपासून डायरी लिहिनार. नववीत शाळा सोडली म्हनून लिहिता येत नाई असं काही नाई. डायरी कोनाले दाखवाची नाई. मले वाईटगिईट काही वाटून नाई राह्यलं. टाईमपास म्हनून लिहितो.

२४ फेब्रुवारी
भाटव्याबद्दल एकच गोष्ट लिहून ठेवतो, मंग इसरून जानार. तो बाईले लल्ली म्हनते. आमच्या घरी सगळे ललिता म्हनत, मी बाई म्हनतो. यानं महिन्यात नाव बदललं. इचारलं कोनाले? अन् बाईबी ओ देते. काल गाडीत बसल्यावर म्हने, लल्ली, काच लाव, धूळ येते. बाईनं लावली. मी टाटा करून राह्यलो होतो, तो काचेच्या बाहेरच राह्यला.
इसरलो.

२५ फेब्रुवारी
नाई इसरलो. उद्यापासून.

२७ फेब्रुवारी
दुकानात गर्दी. मी नबीलभाईच्या मोबाईल दुकानात रिपेअरिंग करतो, कुरखेडा बस स्टॅन्डसमोर. डिस्प्ले, चार्जिंग पिन, बॅटरी, सगळं येते. फक्त गिऱ्हाईकासंग बोलनं येत नाई. ते नबीलभाई करते. घरचं बोलनं बाई करे. पाव्हने आले का मी आतल्या खोलीत, बाई बाहेर. आता पाव्हने आले का मी आतल्या खोलीत अन् बाहेर नुसते पाव्हने.
माय म्हने, ललिता गेली तं घर सुनं झालं. मी म्हटलं, मले तं काही वाटत नाई. माय म्हने, तं मंग दोन टाईम तिचा फोटो काऊन पाहतं. मी म्हटलं, फोटोचं रिझोल्यूशन पाहून राह्यलो.

१ मार्च
भाटव्याचा फोन. मलेच! म्हने, साळेसाहेब, मोठी बातमी हाय. चौदा तारखेले अंदमानची ट्रिप काढली. हॅवलॉक बेटावर समुद्राच्या आत जातात, सिलिंडर लावून, स्कूबा म्हनतात. ऑपरेटर गंज, ढिगानं हायेत तिथी, कोन चांगला, कोन चोर, समजत नाई. तुम्ही मोबाईलवाले मानूस, जरा शोधून ठेवा.
मी म्हटलं, हो.
फोन ठेवल्यावर इचार केला. बाईचं लगन झालं तवा पाठराखीन म्हनून आत्या जानार होती. तिले ताप आला. मंग मायनं मले धाडलं. पाठराखीन बाईमानूस पाहिजे, पन माय म्हने जा रे, पयल्या वर्षी पोरगी कुठी गेली तं माहेरचं मानूस संग पाहिजेच. चार दिवस चंद्रपूरले राह्यलो. भाटव्याच्या मायनं तिसरी पोळी इचारली, मी नाई म्हटलं. चारही दिवस नाई म्हटलं. उपाशी राह्यलो पन माहेरची इज्जत ठेवली. नंतर मुराळी बनून बाईले घरी आनाले गेलो तोबी मीच.
म्हनजे अंदमानलेबी माहेरचं मानूस लागनार. आमच्या माहेरी मानसं तीन. बाबा धानाच्या मागे अन् मायले उलटी होते. राह्यला कोन?
हे काही इचारायची गोष्ट नाई. रीत हाय.

२ मार्च
पक्का इचार केला. आपलं बुकिंग तिघायचं.
स्कूबाची सगळी माहिती आजच काढनार. अकरा ऑपरेटरचे नंबर काढले. सगळ्यायले पाच स्टार. पाच स्टारवर इस्वास नाई ठेवाचा. नबीलभाईच्या दुकानाले पाच स्टार मीच देल्ले, सात नावानं. त्यातली चार बायकायची.
म्हनून आपली पद्धत: एक स्टारवाले वाचाचे. जो खरा वैतागला तोच खरं बोलते.

३ मार्च
पयला ऑपरेटर पाह्यला: हनी वेव्ह स्कूबा. व्हिडिओमध्ये नवरा-बायको पान्यात हात धरून, दोघं मिळून हाताचं दिल बनवते, मंग वरून बुडबुडे. कपल स्पेशल. फोटो फ्री.
रद्द. कारन: सेफ्टी कमी वाटते. दोन्ही हात दिल बनवाले गेले तं पोहाचं कशानं?

४ मार्च
दुसरा: डॉल्फिन किंग. इथीबी कपल. पान्याच्या आत पाटी धरतात, त्यावर आय लव्ह यू. रद्द. कारन: पाटी धरून समुद्रात घान होते. मासे घाबरतात.
तिसरा चांगला होता. पन खालच्या कमेंटमध्ये कोनी तरी लिहिलं, बेस्ट फॉर हनिमून. रद्द. कारन लिहाची गरज नाई.
भाटव्याचा मेसेज आला: झालं का साळेसाहेब? मी अंगठा पाठवला. नंतर वाचलं का पान्याच्या आत अंगठा वर केला तं त्याचा अर्थ होते वर चला, चांगलं हाय असा नाई. हे भाटव्याले माहीत नसन. मी सांगनार नाई, तिथी गेल्यावर पाहीन कोन काय करते.

६ मार्च
भेटला!!
पुराना जेट्टी डायव्हर्स. एक स्टारवाले नऊ जन. एकानं लिहिलं, बुड्ढा उस्ताद पूरा टाइम चिल्लाता है. दुसऱ्यानं, वाइफ के साथ फोटो नहीं निकालने दिया. तिसऱ्यानं, घूमने आए थे, स्कूल में बिठा दिया. मी तीनदा वाचलं. डोळ्यात पानी आलं.
यायचा नियम: दोन दिवस उथळ पान्यात शिकवतात, मंगच खोल. रात्री कोनी पिऊन राह्यला असन तं सकाळी बोटीवरून उतरवतात. (भाटवा पीत नाई, पन कोनाचं काय सांगता येते?) अन् सगळ्यात मस्त नियम म्हनजे बडी. पान्यात एकट्यानं जायाचं नाई. जोडी लावून देतात. बडीपासून हातभराच्या दूर जायाचं नाई. त्याची हवा संपली तं आपल्या नळीतून द्याची. 
आपन तिघं. बाईचा बडी मी. लहानपनापासून तिच्यासंग राह्यलो, तिले काय पाहिजे मले न बोलता समजते, अन् पान्यात तं बोलताच येत नाई. पान्यात मी भाटव्याच्या बरोबरीचा. बरोबरीचा काय, वरचढ. भाटव्याचा बडी उस्ताद. दोघं चिल्लावा.
अठराच्या खाली असन तं घरच्या मोठ्याची सही लागते. मी सतराचा. सही भाटवा करन. तेवढं काम त्याले देऊ.

७ मार्च
उस्तादले फोन करायचा ठरवला. सकाळी नंबर लावला. तिकडून हॅलो आलं. मी काटला. दुपारी लावला. हॅलो आलं. काटला. तिसऱ्यांदा उस्तादनंच फोन केला अन् चिल्लावला, कौन है बे? मी फोन टेबलावर ठेवला, नबीलभाईनं उचलला.
नबीलभाई मस्त बोलते. तारीख, वेळ, सगळं पाच मिनिटात. किती जन म्हटल्यावर माह्याकडे पाह्यलं. मी तीन बोटं दाखवली.
फोन ठेवल्यावर म्हने, तीसरा कौन बे? मी म्हटलं, मी. नबीलभाईनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हने, अबे पवन, हनिमूनले साळा संग जाते काय? पागल हाय का तू? त्याचं त्यायले करू दे, तू डिस्प्ले चिपकव.
नबीलभाई चांगला मानूस हाय पन आमच्या रीती त्याले माहीत नाई. त्यायच्यात पाठराखीन नसन. अन् हे हनिमून कुठी हाय? भाटव्यानं ट्रिप म्हटलं. 

९ मार्च
उस्तादनं मोबाईलवर फॉर्म धाडला, तिघायची वयं अन् भाटव्याचा नंबर भरून देल्ला, भाटव्यालेबी ऑपरेटरचं नाव कळवलं. प्रॅक्टिस चालू. दम कोंडाची. समुद्रात सिलिंडर असते, दम कोंडाचा नसते, उलटं श्वास घेत राहा लागते. पन तयारी कसलीबी असो, चांगली. घरी बकेटीत तोंड घातलं. माय मागून आली, म्हने, काऊन रे, शाम्पू डोळ्यात गेला काय? मी दचकलो, नाकात पानी. अर्धा तास खोकलो. माय म्हने, ललिता असती तं पाठ थोपटली असती. मी म्हटलं, तिले तिथी दुसरी कामं असन.
गॉगल मागवला. निळा. बाईसाठीबी एक घेनार होतो, मंग वाटलं भाटवा म्हनन मले काऊन नाई.

१० मार्च
तलावावर गेलो. म्हशी होत्या. परत आलो.

११ मार्च
भाटव्याचा फोन! म्हने, साळेसाहेब, तेरा तारखेले इकडे येऊन जा. दोन-तीन जोडी कपडे आना, आठ दिवस राहा लागते. नबीलभाईले सुट्टी सांगा.
पाह्यलं? नबीलभाईले फोनचा स्क्रीन शॉट दाखवला असता पन कॉलचा स्क्रीन शॉट निघत नाई. नबीलभाई म्हने, टिकट देखा क्या तेरा? मी म्हटलं, भाटव्याजवळ असन. नबीलभाईनं कॅलेंडर पाह्यलं. सुट्टी देल्ली. जाताना म्हने, पवन, कुछ भी हुआ तो सीधा दुकान पे आ जाना. जळते मानसं.

१३ मार्च, चंद्रपूर
पोचलो. गरमी भयंकर. बाईनं दार उघडलं. बारीक झाली का मले तसं वाटलं, माहीत नाई. ड्रेस नवा होता, मी पाह्यला नव्हता. पयले तिचे सगळे ड्रेस मले माहीत राहत.
सगळं नीट लिहितो.
भाटवा आला. बूट काढले. मस्त पाठीवर थाप मारली. म्हने, साळेसाहेब, तुम्ही आले, मोठी चिंता गेली. मायले एकटं सोडून जाता आलं नसतं. हे पाहा, नळ सकाळी येते. कूलरची टाकी दोन्ही टाईम भरा लागते, मायले बकेट उचलत नाई. गॅसची गाडी शुक्रवारी येते.
मी हो म्हटलं.
मले वाटलं, आठ दिवसाचं पानी आजच भरून जायाचं असन.
मंग भाटव्याच्या फोनवर उस्तादचा फोन आला. भाटव्यानं स्पीकरवर टाकला. उस्ताद चिल्लावला, तीन लोग ना? वो सत्रह साल वाले लड़के का साइन कौन करेगा? भाटवा म्हने, तीन कोन? आपन तं दोन. उस्ताद म्हने, बुकिंग तीन का है. भाटवा बाईकडे पाहून राह्यला. बाई माह्याकडे. मी फरशीकडे. फरशी नवीन हाय, पांढरी, तिच्यात काळे ठिपके.
बाई म्हने, मीच सांगितलं होतं तीन. चुकून.
भाटवा हसला. म्हने, लल्ली, तुले तं मोजताबी येत नाई. बाईबी हसली.
बाई खोटी बोलली. लहानपनी मी काचेची बरनी फोडली तवाबी अशीच बोलली होती, तवा मायचा मार तिनं खाल्ला. आज कोनी मारलं नाई. तरी मले तवापेक्षा जास्त वाटून राह्यलं.
नंतर बाई चार्जर शोधत होती. माही बॅग उघडली. वरच निळा गॉगल. पाह्यला. चेन लावली, हळूच. म्हने, पवन, जेवतं काय?
मी म्हटलं, भूक नाई.

१४ मार्च
गेले. गाडी नागपूरले, मंग विमान. भाटवा म्हने, साळेसाहेब, मायकडे लक्ष द्या.
तसंही मले जायाचंच नव्हतं. विमानात कान दुखते म्हनतात. समुद्राचं पानी खारं. अन् ऑपरेटर निवडनं हेच खरं काम, बाकी तं कोनीबी बुडते. मुख्य म्हनजे ऑपरेटर माहा हाय. दोन दिवस बुड्ढा चिल्लावन, भाटव्याचा मूड जाईन, बाई म्हनन कुठी घेऊन आले तुम्ही मले. हे मी काही मनातून म्हनत नाई. अंदाज सांगून राह्यलो.
कूलर भरला.

१५ मार्च
भाटव्याच्या मायचं नाव मीराबाई. दिवसभर बोलते. मी मान हलवली का पुरते. सकाळी म्हने, पवनबापू, तुमचा आवाज कसा हाय हो? लगनापासून नाई आयकला. मी हसलो. म्हने, हसाचा तं आयकला, आता बोलाचा आयकवा. कूलर भरला.
जेवताना तिसरी पोळी इचारली. मी नाई म्हटलं. मीराबाई म्हने, अई, आवाज हाय! अन् पोळी वाढली.

१७ मार्च
बाईचा फोन. आवाज रडका. म्हने, पवन, मले नाई जमत. तोंडात नळी घातली का जीव घाबरते. आज उथळ पान्यातून रडत बाहेर आली. उस्ताद गंज चिल्लावला, पन म्हने, जबरदस्ती नाही है, बेटी.
मी म्हटलं, नको जाऊ मंग. घरी ये.
एवढं मोठं वाक्य मी फोनवर कधी बोललो नव्हतो.
खरं लिहितो, चांगलं वाटलं. पूर्न दिवस चांगलं वाटलं. कूलर भरताना गानं म्हटलं. मीराबाई म्हने, लगन ठरलं काय तुमचं?

१८ मार्च
बाईचा फोन नाई.
भाटव्याच्या स्टेटसले फोटो. दोघं गुडघाभर पान्यात बसून हायेत, बाईच्या तोंडात नळी, भाटव्याच्याबी. भाटव्याले बोटीत उलट्या झाल्या म्हने मीराबाई सांगत होती, तरी संध्याकाळपर्यंत पान्यात बसून राह्यला. उस्तादनं दोघायले बडी लावून देल्लं. हातभराच्या दूर जायाचं नाई. तिची हवा गेली तं यानं द्याची.
हा नियम मीच शोधला होता. बाकीच्या दहा ऑपरेटरकडे गेले असते तं एक उलटी करून दुपारी हॉटेलवर आले असते, दोघं दोन खाटायवर. पाटी धरून एक फोटो, संपलं. मी काढून देल्ली यायले अशी जागा का जिथी दोन दिवस दुसरं कामच नाई.
नबीलभाईले मेसेज केला, सब ठीक. त्यानं लिहिलं, पता है कितना ठीक. दुकान पे आ जा.

१९ मार्च
गेली. खोल पान्यात. बाई गेली!
फोन आला तं एका श्वासात बोलत होती. म्हने, पवन, खाली आवाजच नाई रे. आपलाच श्वास आयकू येते. पिवळे मासे, एवढे एवढे, तोंडाजवळून जातात अन् भेत नाई. एक काळा मोठा मासा आला. मी म्हटलं, भेली असशील. बाई म्हने, नाई ना. ते होते ना.
ते होते.
माय बाबाले असंच म्हनते. ते आले, ते जेवले, ते होते. नाव घेत नाई. बाईनं एका महिन्यात माय कशी बोलते ते उचललं. मले कळलंच नाई कधी.
मंग म्हने, उस्ताद इचारत होता, बुकिंग किसने किया, बहुत समझदार आदमी है. भाटवा मागून ओरडला, सांग ना त्याले, म्या केलं म्हनून! हसत होता. मस्करीच असन. तरी.
कूलर भरला. अर्धा. मंग परत गेलो, पूर्न भरला, मीराबाईले गरमी होते.

२१ मार्च
आले. दोघंबी काळे पडले. भाटव्यानं नाकाची साल दाखवली. मीराबाईसाठी शिंपले, माह्यासाठी टी-शर्ट. मोठा होते. भाटवा म्हने, भरान, साळेसाहेब, भरान.
मी घरी फोन करून मायले सांगून ठेवलं होतं का उद्या बाईले घेऊनच येतो. मायनं वड्याची दाळ भिजू घातली. माही बॅग तयार. बाईची बॅग मी कपाटावरून काढून खाली ठेवली, धूळ पुसली.
बाई सैपाकघरात होती. मी दारात उभा राह्यलो. म्हने, पवन, आता नाई येत रे. यायचे कपडे धुवाचे हायेत, मायचं गुडघ्याचं दाखवाचं हाय. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं येतो. तू काऊन एवढ्या दूर न्याले येतं?
मी म्हटलं, बरं.
बाई म्हने, रागावला?
मी म्हटलं, कशाले?
बाई म्हने, तो गॉगल ठेवून जा ना. यायले गंज आवडला असता.
मी म्हटलं, कोनता गॉगल?
बाईनं बेलन ठेवलं. जवळ आली. काही तरी बोलनार होती. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, लल्ली, टॉवेल. बाई गेली.
तिची बॅग परत कपाटावर ठेवली.

२२ मार्च, बसमध्ये
हलते, त्यात उभ्यानं लिहितो, म्हनून अक्षर खराब.
सकाळची कुरखेडा गाडी धरली. खिडकी भेटली. कंडक्टर आला, किती म्हने. मी म्हटलं, एक फुल, एक लेडीज. मागं मुराळी गेलो तवा असंच म्हटलं होतं, बाई खिडकीत, मी बाजूले, लेडीजची तिकीट अर्धी. तोंडातून निघालं. कंडक्टरनं मशीनमधून दोन तिकिटा काढल्या अन् बाजूच्या सीटकडे पाह्यलं. म्हने, लेडीज कुठी हाय?
कोनी नाई म्हनून सांगता आलं असतं. पन मंग पूर्न बस आयकते, पाच-पन्नास मानसं मान फिरवतात. मी म्हटलं, मूलच्या स्टॅन्डवर चढन.
मूल आलं. कंडक्टरनं दोन मिन्टं गाडी थांबवली. आली काय? मी म्हटलं, गडचिरोलीले. पुढच्या सीटवरची एक बाई वळून पाहून राह्यली.
गडचिरोली. दोन लेडीज चढल्या, माह्या सीटकडे आल्या. कंडक्टरच म्हने, तिथी नका बसू, त्याची लेडीज येऊन राह्यली. त्या दोघी उभ्या राह्यल्या. एकीच्या कडेवर पोट्टं. मी उठलो, माही सीट देल्ली. मंग मी उभा, अन् बाईची सीट खाली.
आरमोरीले कंडक्टरनं काही इचारलं नाई. नुसतं पाह्यलं. ते जास्त झालं.
लिहिता लिहिता कुरखेडा येऊन राह्यलं. दुकानाचा बोर्ड दिसते, नबीलभाई शटर वर करून राह्यला.
(हे उतरून लिहितो.) उतरताना कंडक्टर म्हने, काऊन बापू, नाई आली ना तुमची लेडीज?
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येते.